'ब्लॅक रॅम'मधलं स्वागत

प्रिय एडमंड,

तुझं पत्र मिळालं. रविवारी येतोस म्हणे, आणि 'ब्लॅक रॅम'मध्ये पूर्वीसारखं स्वागत होईल का, असं विचारतोस. सख्खा भाऊ आहेस, म्हणून सविस्तर उत्तर देते.

बाबांच्या पबमध्ये ओळखीच्या माणसाला काय हवं हे कधी विचारलं जात नसे. दाराबाहेर बूट झटकल्याचा आवाज आला की बाबांचा हात बिअरच्या पंपाच्या दांड्यावर जायचा. माणूस शेकोटीपाशी बसेपर्यंत त्याची बिअर त्याच्यासमोर. विचारायचं ते फक्त परक्याला. तुझा ग्लास काउंटरवरची मॉड भरायची, अर्धी काळी बिअर, अर्धी कडू. तुला मिसरूड फुटल्यापासून.

बाबांनी अंथरूण धरलं, पब तुझ्या नावावर केला, आणि तू पहिलं काम काय केलंस? पणजोबांच्याही आधीपासून पेटती असलेली शेकोटी विझवलीस! मग बिअर आंबू दिलीस, रविवारचं भाजलेलं मटण बंद केलंस. गिऱ्हाईक नाही असं कौन्सिलला दाखवून तुला तिथे शहरी लोकांच्या सुट्टीसाठी घरं काढायची होती. गिऱ्हाईक नव्हतंच, तूच त्याला थंडीनं हाकललं होतंस. हे मी गावसभेत उभी राहून बोलले तेव्हा तू ओरडलास, "मास्तरीणबाई, भाषणांनी पिंपं रिकामी होत नाहीत!" मागून मेंढपाळ सायलस म्हणाला, "तुझी बिअर कुत्रंही हुंगत नाही राजा, मग होणार कशी?" सगळं सभागृह हसलं. तुला परवानगी मिळाली नाही, आणि गावानं वर्गणी काढून पब विकत घेतला.

जिंकल्यावर राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही. शेकोटीच्या वरच्याच खोलीत बाबा पडून होते. शेवटपर्यंत विचारत राहिले, "हॅरिएट, खोली इतकी गार का लागते गं?" तू खालीच होतास, एडमंड. एक ओंडका टाकला असतास.

तेव्हा ये. जरूर ये. कुणी वाकडा शब्द बोलणार नाही, हे मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. शेकोटी पेटलेली असेल, जवळची खुर्ची तुझीच, भाजलेलं मटण गरम मिळेल. फक्त तू आत आलास की मॉडचा हात दांड्यावर जाणार नाही. ती काउंटर पुसेल, गोड हसेल आणि विचारेल, "काय देऊ, साहेब?" सगळा पब गप्प होऊन ऐकेल. हे मी सुचवलं, आणि तुला ते आधी कळावं म्हणून हे पत्र. आता दारापर्यंतच्या प्रत्येक मैलावर तो प्रश्न तुझ्या सोबत असेल. उत्तर ठरवून ये.

बाबांची, आणि म्हणून नाइलाजानं तुझीच,
हॅरिएट