आत्याच्या हातावरचे जिवाणू

नांदेड, १० नोव्हेंबर २०२५

ती. धुरपताआत्यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

बाळ पाच आठवड्यांचं झालं. त्याला अंघोळ घालायला तू येणार होतीस. आता येणार नाहीस, असं बाबांकडून कळलं. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र. कारण लिही.

बाबांचा गुडघा कसा आहे? काठी सोडली म्हणतात, खरं का?

तुझी,
मनिषा

अहमदपूर, १६ नोव्हेंबर

चि. मनिषास,
जयभीम व बाळालासुद्धा आशीर्वाद.

कारण लिही म्हणतीस, जसा काही रजेचा अर्जच हाय! तर ऐक. लातूरहून ऑपरेशन करून आल्यावर रामकिशनच्या गुडघ्याची पट्टी मीच बदलत होते. पू झाला. बसवलेला सांधा काढून दुसरा बसवावा लागला. डॉक्टर म्हणाले, हे जंतू माणसाच्या कातडीवरचेच असतात. मग पट्टी बदलणारे हात कुणाचे? तीस वर्षं अंगणवाडीत लेकरांना हात धुवायला शिकवलं, अन् माझ्याच भावाला हे. मी तुझ्या लेकराला हात लावणार न्हाई.

तू जंतूंचीच डॉक्टर. माझे हात साफ असल्याचा दाखला दे, मग येते.

डिंकाचे लाडू पाठवलेत. चमच्यानं वळलेत, म्हणून वाकडे हाईत. रामकिशन काठी विसरून चहाला जातो, अन् काठी आणायला मला पाठवतो.

तुझी आत्या

नांदेड, २४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

लाडू मिळाले. असा आकार मी याआधी पाहिला नव्हता.

दाखला देता येणार नाही. जिवंत माणसाचा हात जिवाणूंशिवाय नसतो. बाबांच्या गुडघ्यात सापडला तो जिवाणू सगळ्यांच्या कातडीवर निमूट राहतो. पण धातूच्या सांध्यावर पोचला की चिकट थर करून त्यात लपतो. जिथे औषधांचा मारा सतत असतो, तिथे लाखांत एखादा तगतो आणि त्याचीच प्रजा वाढते. काही गुण तो शेजारच्या जिवाणूंकडून उचलतो. असा पिढ्यान् पिढ्या बदलत निरुपद्रवी जिवाणू आजार करणारा होतो. बाबांच्या पुवातला चार औषधांना जुमानत नव्हता.

तो बाबांच्याच कातडीवरून आत गेला असेल, किंवा ऑपरेशनच्या वेळी. तुझ्या हातावरून गेला नाही, हे मात्र मी सिद्ध करू शकत नाही. खोटं लिहिणार नाही.

माझ्या लॅबमधल्या आनंदराजच्या हाती माझ्या तळहाताचा नमुना तिकडे पाठवला. तोच जिवाणू उगवला, पण साधा, औषधांना जुमानणारा. त्याच हातांनी मी बाळाला दिवसभर घेते. बाळाला जखम नाही, नाळही कधीच गळली.

आई गेल्यावर मला तू अंघोळ घालायचीस. तेव्हा माझ्या अंगावर जे आलं, त्यातलं बरंच तुझ्या हातांचं असणार. इतकी वर्षं त्याने माझं काही बिघडवलं नाही. ते बाळाकडे जावं, असं मला वाटतं.

तुझी,
मनिषा

अहमदपूर, २९ नोव्हेंबर

चि. मनिषास,
जयभीम व आशीर्वाद.

पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीनं येते. नखं काढली, बांगड्या उतरवून ठेवल्या. पाणी तू तापव, लई कढत नको. लहानपणी अंघोळीला तू रडत नव्हतीस, नुसती बघत राहायचीस. माझीच परीक्षा चालल्यागत वाटायचं.

तुझं पत्र रामकिशनला वाचून दाखवलं. म्हणतो, दोघी मिळून जंतूंची नाती लावा, गुडघा तेवढा माझा राहू द्या. अन् लगेच डोळे पुसायला आत गेला.

लोभ हाय, तो अंघोळीला कामी येईल.

तुझी आत्या

ता. क. लाडू घेऊन येते. हातानं वळलेत.