सासऱ्यांची ऑटोमॅटिक आणि माझा हलका हात

३ मार्च
सासरे आमच्याकडे राहायला आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दीड महिना गाडी चालवायची नाही. सोबत गाडीही आली. सव्वीस वर्षांची, ऑटोमॅटिक, पण अजून कुरकुर नाही. जेवताना म्हणाले, आता माझं वय झालं, दीड महिन्यात तुमच्यापैकी जो हिचा गिअरबॉक्स जपेल त्याच्या नावावर करून टाकतो. लायसन्सवाले दोघंच, मी आणि बायको. म्हणजे मीच. तिच्या हातात मी किल्ली देणारच नाही.

४ मार्च
सासऱ्यांनी पुठ्ठ्यावर तीन नियम लिहून दिले. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पुढे नेणाऱ्या D मधून मागे नेणाऱ्या R मध्ये जायचं नाही. उतारावर आधी हँडब्रेक, मग P म्हणजे पार्किंग. सिग्नलला ब्रेक दाबून D मध्येच थांबायचं, उगाच N म्हणजे न्यूट्रल करायचं नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली त्यांनी, त्यामुळे बारीकसारीक गोष्टींचं फार. पुठ्ठा डॅशबोर्डच्या खणात टाकला. गाडी हाताला कळावी लागते. माझा हात मुळात हलका.

७ मार्च
सिग्नलला N करतो. गिअरबॉक्सला तेवढाच विसावा. ऑफिसपर्यंत चौदा सिग्नल, चौदा विसावे. हिरवा लागला की आधी जोरात अॅक्सिलरेटर, मग D. गाडी टुणकन उडी मारते. ताजीतवानी झाल्याचं लक्षण. बायकोच्या मांडीवरचा डबा खाली पडला, भाजी तिच्या चपलेत. डब्याचं झाकण सैल आहे, किती वेळा सांगितलं.

११ मार्च
आमच्या दारात उतार. हँडब्रेकची वायर सव्वीस वर्षांची, म्हातारपणी तिला ताण कशाला? नुसतं P करतो. सकाळी P मधून काढताना टक्क असा दमदार आवाज येतो. सासरे खिडकीतच बसलेले असतात. आवाज झाला की मान हलवतात. जावई पसंत पडलेला दिसतोय.

१५ मार्च
सासरे आता मान हलवून कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघ मारतात. बरं होण्याचे दिवस मोजत असावेत. आज मी तीनदा बाहेर पडलो, त्यांनी तीन रेघा मारल्या. वयाप्रमाणे होतं असं.

१९ मार्च, सकाळी ७.४०
घाईत R टाकला तेव्हा गाडी किंचित पुढे जात होती. खर्रर्र. कॅलेंडरवर आडवी फुली.

२० मार्च
मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, N चे चाळे बंद करा, आणि गाडी चालती असताना R टाकणं म्हणजे गिअरबॉक्सच्या मुळावर उठणं. त्याला या गाडीचा स्वभाव माहीत नाही. खणातला पुठ्ठा मात्र त्याला फार आवडला. गॅरेजमध्ये लावतो म्हणून फोटो काढून घेतला.

२१ मार्च
निर्धार. आजपासून R बंद. न वापरलेला गिअर झिजतो का? कोणाला सुचलं नसतं.

२६ मार्च
R नाही म्हणून सरळ निघता येईल अशीच जागा शोधावी लागते. दूध आणायला सव्वा तास. तेवढ्यात बायको चालत जाऊन दोनदा दूध घेऊन आली. आता घरात तीन पिशव्या. कौतुक कोणालाच नाही.

१४ एप्रिल
सासऱ्यांची शेवटची तपासणी. दवाखान्यात एकच जागा रिकामी, तोंड भिंतीला. लावली. डॉक्टरांनी गुडघा पास केला. निघताना पंचाईत. निकालाच्या दिवशी नियम मोडणार? N करून मी पुढून गाडी ढकलू लागलो. वीतभर हलली आणि माझ्या कमरेत चमक भरली. सासरे उतरले आणि नव्या गुडघ्यानिशी माझ्या शेजारी ढकलायला उभे राहिले. वॉचमन बघत होता. शेवटी बायको मागच्या सीटवरून उतरली, आम्हा दोघांना बाजूला केलं आणि स्टिअरिंगवर बसली. ब्रेक दाबला, क्षणभर थांबली, R टाकला. गाडी बाहेर आली. आवाजच नाही. मला वाटलं, बंद पडली.

सासऱ्यांनी मान हलवली नाही.

१५ एप्रिल
किल्ली बायकोला मिळाली. सासऱ्यांनी कॅलेंडर काढून दाखवलं. प्रत्येक टक्कला एक रेघ. एकूण त्रेसष्ट, फुली वेगळी. म्हणाले, घड्याळ असतं तर पहिल्याच दिवशी तुमच्या हातून काढून घेतलं असतं, जावई पडलात म्हणून थांबलो. खूप वाईट वाटलं. बायकोला म्हटलं, त्यांचे कान आता काम देत नाहीत. ती म्हणाली, तिनेही त्रेसष्टच मोजले होते.

१६ एप्रिल
ऑफिसला बायकोने सोडलं. मी शेजारी, डबा माझ्या मांडीवर. चौदा सिग्नल झाले, डबा हलला नाही. तिने नवीन झाकण आणलं असणार. संध्याकाळी घरी येऊन नीट तपासलं. झाकण जुनंच आहे, तेवढंच सैल.