दुसऱ्या चेहऱ्याचा दोरा

आई, तू गेलीस तरी तुझ्याशी भांडायची सवय मोडली नाही. पण आज भांडण नाही. आज कुकटपल्लीच्या माझ्या पार्लरमध्ये नव्या मुलींना तुझाच नियम शिकवला: एका चेहऱ्याचा दोरा दुसऱ्या चेहऱ्याला लावायचा नाही. चिमटा उकळलेला, रुमाल प्रत्येकीचा वेगळा, हात आधी धुतलेले. मुली हसतात, "मॅडम, इतकं कोण बघतंय?" मी चिडते. तुझ्यावरच गेलेय.

हिमायतनगरचं ते वकिलांचं घर आठवतं? निजामाचं राज्य संपवून फौज शहरात येऊन महिनाही झाला नव्हता, बाजारात दोऱ्याचं रीळ मिळत नव्हतं, आणि त्यांना मुलीचं लग्न उरकायची घाई. भुवया आणि ओठांवरची लव दोऱ्यानं काढायचं काम माझं, मग उटणं तुझं. मी एकोणीस वर्षांची, अति शहाणी. आधी नवरीच्या धाकट्या बहिणीचं केलं. तिच्या हनुवटीवर पिकलेली पुळी होती, ती दोऱ्यात सापडून फुटली. मग नवरी पुढ्यात बसली. रीळ संपलेलं. तुला सांगितलं असतं तर तू काम तिथंच थांबवलं असतंस, आणि चारचौघींत माझी शोभा झाली असती. मी तोच दोरा वापरला.

तिसऱ्या दिवशी नवरीचा ओठ सुजून त्यात पू धरला, अंगात ताप. तिची आई नारायणगुड्याला आपल्या दारात उभी. "बाई, काय लावलं हो पोरीला? चार दिवसांवर लग्न आलं, अशा तोंडानं तिला मांडवात कशी नेऊ?"

तू माझ्याकडे वळून विचारतेस, "दोरा बदलला होतास ना?"

मी हो म्हणते.

"माझी पोर खोटं नाही बोलत," तू त्यांना म्हणालीस. "माझ्याच उटण्यात काही गेलं असेल."

लग्न पुढं गेलं. पोरगी बरी झाली, तेवढी देवाची कृपा. पण तू उटण्याचा डबा मोरीत रिता केलास आणि पुन्हा कधी उटणं कुटलं नाहीस. तुझ्या आईनं शिकवलेलं ते उटणं, ज्याच्यासाठी बायका टांगा करून आपल्याकडे यायच्या. हळूहळू बोलावणी थांबली, तू शिवणाचं मशीन धरलंस. तू मला एकदा तरी मारलं असतंस तर बरं झालं असतं गं.

आता हे लिहिलेले कागद कुठं पाठवू? तू समोर होतीस ती वीस वर्षं हाताशी होती, तेव्हा जीभ रेटली नाही.

मुलींना मी हीच गोष्ट सांगते, धडा म्हणून. आज एकीनं विचारलं, "मॅडम, ती दोरा न बदलणारी कोण होती?"

मी म्हणाले, "होती एक शेजारची."