खंडेनवमीचा जबाब

२ ऑक्टोबर २०२१
आज नव्या खोलीत आले. धंतोलीत, वामनरावांच्या घराचा वरचा मजला. खिडकीसमोर बुचाची झाडं आहेत. कॉन्व्हेंटात आम्ही त्या फुलांच्या वेण्या करायचो. सिस्टर अगाथा रागवायची आणि एक वेणी गुपचूप आपल्या टेबलावर ठेवून घ्यायची. लॉकडाऊनभर भावाच्या घरी कोंडून राहिल्यावर आज स्वतःची किल्ली! वामनरावांनी काटोलच्या आपल्या बागेतली हिरवट संत्री दिली. स्वयंपाकाच्या यमुताईंनी विचारलं, बाई, आमचं तिखट चालन ना तुम्हाले?

४ ऑक्टोबर
दुपारी जिन्यावर सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती. नाव पिंकी. मास्क डोळ्यांपर्यंत ओढलेला. शाळा फोनवर भरायची, घरी तसला फोन नव्हता, म्हणून अक्षरं राहिली म्हणे. मले फक्त ‘क’ येते, असं सांगून हसली. तिचा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं. हात गार होता. किती वर्षांनी एवढंसं बोट हाती आलं!

८ ऑक्टोबर
पिंकी भराभर शिकते. लाडू मात्र घेत नाही. मास्क काढावा लागेल ना.
यमुताईंना विचारलं, ही पिंकी कोणाची? त्यांनी गॅस बंद केला. दिसते तुम्हाले, म्हणाल्या.
त्यांची नात. गेल्या खंडेनवमीला शाळा बंद म्हणून त्यांनी तिला कामावर सोबत आणलं होतं. वामनराव रानडुकरांपासून बागेची राखण करून पहाटे परतले आणि पूजेसाठी बंदूक पुसायला बसले. नळीत काडतूस राहिलं होतं. पुसताना बार उडाला, पोरीच्या जबड्यात लागला; जागीच गेली. पोलिसांना त्यांनी सांगितलं, पोरीनं स्वतः बंदुकीचं कपाट उघडलं; अपघात ठरला, बंदूकही परत मिळाली. सगळ्यांनी यमुताईंनाच बोल लावला, पोरीकडे लक्ष नव्हतं म्हणून. पिंकीची आई, त्यांची स्वतःची मुलगी, अजून त्यांच्याशी बोलत नाही.
मग इथे काम काहून करता, मी त्यांच्याच बोलीत विचारलं. म्हणाल्या, ते अजून घरी नाही आली ना, बाई.

११ ऑक्टोबर
भिंतीवर खडूनं लिहिलंय : मी कपाट उघडलं नाही.
अक्षर माझ्याच वळणाचं. मीच शिकवलेलं.
पुसलं. जेवताना वामनरावांच्या ताटाखाली तेच. त्यांनी मला दटावलं, भाडेकरूनं भाडेकरूसारखं राहावं. ताट तसंच टाकून उठले.

१३ ऑक्टोबर
बंदूक कपाटाबाहेर. पाटावर. कुणी काढली नाही. नळी उघडून पाहिली, रिकामी. घरात एकही काडतूस नाही. तरी बारुदीचा वास —
वामनराव दिवसभर देवघराबाहेर आले नाहीत.

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळ
वामनरावांनी देवघरात बोलावलं, आता सहन होत नाही, पोलिसांना खरा जबाब देतो म्हणाले. हात कापतो त्यांचा, म्हणून मी लिहिते. यमुताई उंबऱ्यात. पिंकी पाटापाशी —
‘बंदूक माझ्या हातात होती. काडतूस काढायचं मी विसरलो. कपाट मीच उघडलं होतं.’
यमुताई म्हणतात, पुन्हा सांगा. सांगितलं. त्या रडताहेत. पिंकीनं मास्क काढला — मी वहीतच पाहते —
सही तेवढी राहिली —
वामनराव म्हणतात, अजून एक ओळ घाला. ‘पण पोरीनंही तिथं मधे यायला नको होतं.’
हे मी लिहिणार नाही म्हटलं. लिहा म्हणतात —
नळी वामनरावांकडे वळते आहे. कुणाचा हात नाही तिच्यावर. चाप —
पिंकी, नको गं —
यमुताई म्हणतात, अडवू नका, बाई, तिले आता