टिंबाआधीचं शून्य

छावणी, औरंगाबाद
ता. ४ सप्टेंबर १९६६

ती. वच्छलाक्कास आवडाचा नमस्कार.

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. भाऊजींची पाठ आता बरी आहे हे वाचून जिवाला बरं वाटलं. आशाचे केस कापलेस ते चांगलं केलंस, उवांनी पोरीचा जीव खाल्ला होता. मी इथं ठीक आहे. पाय सुजतात, दुसरं काही नाही.

महालक्ष्म्यांना सिल्लोडला येते म्हणाले होते, पण जमायचं नाही. लहान मुलांच्या वॉर्डात काम वाढलंय आणि सुट्टी मागायची ही वेळ नाही. आई येत नाही म्हणून आशा रडेल, तिची समजूत तूच काढ.

एक काम आहे. आशा सहावीत गेली, तेव्हा तिचं पाचवीचं गणिताचं पुस्तक पडूनच असेल. यष्टीनं इकडं येणाऱ्या कुणाजवळ तरी दे. आम्हा नर्सिंग शिकणाऱ्या बायांना औषधाचं माप काढावं लागतं. वॉर्डाच्या सिस्टर जोहराबी दुपारी जेवण झालं की मला घेऊन बसतात, सुईत औषधाऐवजी पाणी भरायला लावतात. लई कडक बाई. पण चुकलं तर ओरडत नाहीत, पाणी ओतून देतात नि म्हणतात, "फिरसे भर."

वॉर्डातले छोटे डॉक्टर जाणार असं सगळे बोलतात. चांगला माणूस आहे. असो. लिहिता लिहिता डोळे मिटायला लागले.

तुझी आवडा


छावणी, औरंगाबाद
ता. २ ऑक्टोबर १९६६

ती. वच्छलाक्कास नमस्कार.

पुस्तक पोचलं, त्यात घातलेली तुझी चिठ्ठीही पोचली. "पोरीची गणितं सोडवायला तुला वेळ आहे, पोरीला भेटायला नाही," असं लिहिलंस. रागानं लिहिलंस, पण खोटं लिहिलं नाहीस. म्हणून आज सगळं लिहिते. भाऊजींना वाचून दाखवायचं का, ते तू ठरव.

ऑगस्टमध्ये करमाडची साळूबाई नावाची म्हातारी तिच्या दोन वर्षांच्या नातीला घेऊन आली. पोरीचं नाव लक्ष्मी. तापात झटके येत होते. छोट्या डॉक्टरांनी झटक्यांचं इंजेक्शन कागदावर लिहिलं आणि दुसऱ्या पेशंटकडं धावले. जोहराबी एका बाळाला सलाईन लावत होत्या. सुई मला द्यायची होती.

कागदावर तीन लिहिलं होतं. मी तीन सीसी दिलं.

द्यायचं होतं एका सीसीचे दहा भाग करून त्यातले तीन. दहापट औषध गेलं, अक्का. अर्ध्या तासात पोरगी अशी झोपली की हलवून उठेना. ओठ निळे पडले. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि रबरी पिशवी दाबून दाबून श्वास दिला. ते दमले की जोहराबी दाबायच्या, त्या दमल्या की मी. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी पोरगी रडली. मी रडले नाही. रबरी पिशवी धुवायला घेतली.

चौकशी झाली. कागद पुढं ठेवला. तीनच्या आधीचं टिंब एवढं पुसट होतं की मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पाहिलं. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला हे टिंब दिसलं नाही ना?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

मला ताकीद दिली आणि सोडलं. दोष छोट्या डॉक्टरांवर गेला, अक्षर नीट नाही, टिंबाआधी शून्य लिहिलं नाही म्हणून, आणि त्यांना इथून काढायचं ठरलं. ते माझ्याशी एक शब्द वाईट बोलले नाहीत. उलट म्हणाले, "बाई, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला."

अक्का, टिंब मला दिसलं होतं.

त्याचा अर्थ मला येत नव्हता. तुला आठवत असेल, निजाम पडला त्या पोलीस ॲक्शनच्या साली आपली शाळा बंद पडली. त्याआधी सगळं उर्दूत होतं, उघडली तेव्हा मराठीत. त्या मधल्या गडबडीत दशांश माझ्या हातून सुटला तो सुटलाच. पाव, निम्मं, पाऊण म्हण, मला झोपेत येतं. पावकी, निमकी सगळी पाठ आहे. पण टिंब पाहिलं की मी पुढचा आकडा वाचायची. आजवर निभावलं.

आणि याहून वाईट आहे ते लिहिते. त्या औषधाची एक कुपी एक सीसीची. तीन सीसीसाठी मी तीन कुप्या फोडल्या. दुसरी फोडताना मनात आलं, एवढ्याशा लेकराला एवढं? मी थांबले होते. जोहराबी चार हातांवर उभ्या होत्या. पण आदल्या आठवड्यात मी काहीतरी विचारलं तेव्हा बरोबरच्या पोरी हसल्या होत्या, "आशाची आई अजून पाढे म्हणती." म्हणून विचारलं नाही. तिसरी फोडली.

जोहराबींना संशय आला असावा. चौकशीनंतर दोन दिवसांनी त्यांनी मला कागदावर एक गणित घातलं. एका सीसीत दोनशे मिलिग्रॅम औषध, लेकराला द्यायचं साठ, तर सुईत किती? मी कागद तसाच परत दिला. तेव्हापासून त्यांनी शिकवायला घेतलं. आपल्या उर्दू शाळेत टिंबाला काय म्हणायचे ते त्यांनीच आठवण करून दिलं, अशारिया. म्हणाल्या, "भागाकार नंतर कर. आधी अंदाज कर. साठ हे दोनशेच्या निम्म्याहून कमी. मग उत्तर अर्ध्या सीसीच्या वर जाईलच कसं?" एवढं सोपं होतं ग. सुईवरच्या बारीक रेघा मोजत मी महिनाभर पाणी भरलं. आता तोंडी येतं. वजनावरून माप काढता येतं, पावडर किती पाण्यात विरघळवायची तेही.

येऊ लागलं तसं मला जास्तच जड झालं. छोट्या डॉक्टरांनी सामान बांधायला घेतलं त्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो जुना कागद पुन्हा काढून पाहिला. मग म्हणाले, "लेखी द्या." दिलं. डॉक्टरांचं जाणं थांबलं. माझं वर्ष गेलं. पुन्हा पहिल्यापासून शिकायचं आहे आणि वर्षभर एकटीनं सुईला हात लावायचा नाही.

लक्ष्मीचे झटके पुरते थांबले नव्हते, म्हणून साळूबाई अजून इथंच होती. रोज माझा हात धरून म्हणायची, "तू दोन दिस जागलीस म्हनून माझी नात हाय." ते मला ऐकवेना. तिलाही सांगितलं. ती पोरीला उचलून खाटेच्या पलीकडच्या बाजूला घेऊन बसली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधाचा ट्रे घेऊन गेले तेव्हा तिनं विचारलं, "आता येतं का तुला ते?"

"व्हय."

"मंग त्या शिस्टरला बोलीव. तिनं बघितल्याबिगर माझ्या लेकराला काय द्यायचं नाय."

मी जोहराबींना बोलावलं. त्यांनी सुई उजेडात धरून पाहिली, मग साळूबाईनं पाहिली, तिला काही कळत नसताना. मग पोरीची मांडी पुढं केली. काल पोरगी बरी होऊन त्या दोघी करमाडला गेल्या. जाताना ती मला काही म्हणाली नाही. म्हणायला पाहिजे होतं असंही नाही.

तर अक्का, आशाला आणखी एक वर्ष तुझ्याकडं ठेवशील का? तुझी तीन, त्यात ही चौथी, मला ठाऊक आहे. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, सगळं सोडून तिला घ्यायला येईन. ठेवलीस तर तिला सांग, आईला गणित येत नव्हतं म्हणून आई यायची राहिली.

नको. एवढंच सांगू नको. आई खोटं बोलली होती, तेही सांग. मोठी होतेय ती.

उत्तराची वाट बघते. थकले आहे ग फार.

तुझी धाकटी,
आवडा