श्वश्रूसमवेत आल्प्सलंघन

१२ मे, मंगळवार
संकल्प: श्वश्रूमातेस आल्प्स पर्वताचे दर्शन घडवणे. साधन: क्राइस्टचर्चहून निघून, डोंगर ओलांडून ग्रेमाउथला जाणारी व त्याच दिवशी परतणारी आगगाडी. संकल्प मूळचा माझा नव्हे, पत्नीचा, शुभदाचा. ती दर वर्षी म्हणे, एकदा त्या गाडीत बसू. आमचे ठरलेले उत्तर: इथेच तर आहे, कुठे पळून जातेय? गाडी खरोखरच कुठे गेली नाही.

सासूबाई लेकीच्या आजारपणात आल्या. लेक फेब्रुवारीत गेली. त्या आहेत. व्हिसा सात जूनला संपतो, विमानही त्याच दिवशीचे. मुदत वाढवून मिळते असे कळते. कोणी कोणाला विचारलेले नाही. न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या या घरात आम्ही दोघे परस्परांशी इतक्या सभ्यतेने वागतो की दोन राष्ट्रांच्या राजदूतांनी शिकवणी लावावी.

यापुढे या दप्तरात त्यांचा उल्लेख: श्व.

१४ मे
वरणभाताच्या साक्षीने श्व. यांच्यापुढे प्रस्ताव मांडला.
"श्रीधरराव, वर्ष व्हायचंय अजून. वर्षाच्या आत सहल?"
मी: सहल नव्हे, अभ्यासदौरा.
हसल्या नाहीत. मीही हसलो नाही. विनोद यंत्रवत होतात हल्ली, जशी दाढी होते. ठराव स्थगित. भांडी मी घासली.

१५ मे
कन्या इरा (क्राइस्टचर्चला विद्यार्जन करते, निदान फी तरी तशी जाते) हिने कुटुंबाच्या ग्रुपवर जाहीर केले की बाबा आजीला आल्प्सला नेतोय. तासाभरात कोल्हापूरहून मेव्हण्याचा, नंदूचा, फोन.
"दाजी, ताईचं वर्ष झालं नाही, आणि तुम्ही आईला घेऊन स्वित्झर्लंडला?"
येथेही त्याच नावाचा पर्वत असल्याचे निवेदन केले. विमानाने तासभर.
"हां, मग जवळच आहे की. मग हरकत नाही."
अंतर कमी असल्यास अशौच शिथिल होते, हे धर्मशास्त्र मला नवे. शेवटी म्हणाला, आईची खोली रंगवून घेतली आहे, पडदेही लावले आहेत. छान, म्हणालो. रंग कोणता हे विचारण्याइतके कुतूहल मात्र जमले नाही.

१७ मे, रविवार
पेटोनीच्या किनाऱ्यावर श्व. यांना फिरायला नेले. वारा नित्याप्रमाणे असभ्य.

दहाव्या दिवशी पिंड इथेच ठेवला होता. या भूमीत काक नाही. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर. म्हणाले, जो पक्षी येईल तो. सीगल आला. मृताची इच्छा उच्चारून आश्वासन देण्याचीही सवड मिळाली नाही. भात, तीळ, द्रोणाचा अर्धा काठ, सर्व एका झडपेत स्वाहा. मी कृतकृत्य.

आज त्याच पक्ष्यांकडे पाहत म्हणाल्या, "तो शिवला, ते मी धरत नाही."
का?
"त्याला काय! तो फिश अँड चिप्सलाही शिवतो. कावळा कसा, राहिलेलं ओळखून थांबतो. ह्याने थांबायला नको होतं का जरा?"
बराच वेळ चाललो. मग: "ती गाडीच राहिली असेल ना तिची?"
असेल, म्हणालो.
"मग जाऊ. पण सहल म्हणून नाही."
ठराव एकमताने संमत.

२० मे
आरक्षण संपन्न. तीस तारीख. तीन आसने: श्व. खिडकीशी, इरा समोर, अस्मादिक मार्गिकेकडे, जिथून खिडकीबाहेर पाहणाऱ्यांचे कान उत्तम दिसतात.

इराचा फोन. मी मराठीत, ती इंग्रजीत. ही द्विपक्षीय व्यवस्था ती तीन वर्षांची असल्यापासून अबाधित.
"बाबा, इट्स हीप्स कोल्ड अप देअर, आजीला थर्मल्स घे. अँड डिड यू आस्क हर?"
काय?
"टु स्टे. जस्ट आस्क, बाबा."
योग्य वेळी, योग्य मार्गाने, योग्य त्या समितीपुढे विषय ठेवण्यात येईल, असे सांगितले.
"मम युज्ड टु लाफ अ‍ॅट दॅट," म्हणाली आणि फोन ठेवला.

२३ मे, शनिवार
श्व. सत्तांतराच्या तयारीत आहेत. मेतकूट, भाजणी, दाण्याचे कूट बरण्यांत भरून झाले. फ्रीझरमध्ये आमटीच्या गोठलेल्या वाट्या, एकावर एक. आता माझे प्रशिक्षण. आजचा पाठ, कालचाच: फोडणी.

मोहरी तडतडेपर्यंत थांबायचे, जळेपर्यंत नाही, या दोन घटनांमधील सीमारेषा मला दिसली नाही. स्मोक अलार्मला दिसली. श्व. स्टुलावर चढून त्यावर टॉवेल हलवीत: "काल पण हेच केलंत. मुद्दाम करता की काय?"
अभ्यासक्रम कठीण आहे, म्हणालो.
"मी गेल्यावर कोण शिकवणार?"
टॉवेल हलत राहिला.

मुद्दाम की कसे, यावरील निर्णय राखून ठेवतो.

२५ मे
पाऊस. कार्यालय. जेवण. काही नाही.

सहकारी विचारतात, कसा आहेस? स्वीट अ‍ॅज, म्हणजे इथल्या बोलीत मजेत, म्हणतो. ते निघून जातात. उत्तराचा हेतूच तो. दाढ काढण्यापूर्वी गालाला सुई देतात, नंतर गाल असतो पण आपला नसतो, चावला तरी कळत नाही. तसे. सुईचा अंमल कधीतरी उतरेल असे म्हणतात. घाई नाही.

२७ मे
श्व. नंदूशी फोनवर बोलत होत्या. मी धुतलेले कपडे घेऊन दाराशी. श्रवण अनैच्छिक.
"अरे, लेक होती तोवर लेकीचं घर. आता काय म्हणून राहू मी इथे? त्यांनी म्हटल्याशिवाय कसं राहायचं? आणि त्यांना तरी कसं म्हणायला लावायचं?"
कपडे घेऊन परत गेलो. पुन्हा घड्या घातल्या.

म्हणजे समिती तयार आहे. विषय मांडणाऱ्याच्या जिभेलाच सुई दिलेली.

२९ मे, क्राइस्टचर्च
मोटेलमध्ये. निघताना श्व. शुभदाचे निळे जॅकेट हातात धरून उभ्या होत्या. "हे घालू?" घाला, म्हणालो. बाह्या लांब होतात; दुमडल्या. विमानात कोणी किया ओरा म्हटले की प्रत्येकाला नमस्कार.

तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, दही, लोणचे. एका दिवसाच्या गाडीला. इराने डबा उघडून पाहिला: "आजी, देअर्ज अ कॅफे ऑन द ट्रेन." आजी: "असेल हो. त्यांना पण देऊ."

३० मे, शनिवार, गाडीत
मैदान संपले. मेंढ्या संपल्या. मग दरी, खाली नदी. एक नदी नव्हे, शेजारीशेजारी वाहणाऱ्या अनेक. डोंगरांवर हिम. सुंदर आहे हे कळते, जसे परभाषेतले वाक्य कळते. इरा गाडीच्या बिनकाचेच्या उघड्या डब्यात जाऊन फोटो काढते आहे. श्व. काचेला कपाळ टेकून. एकदाच म्हणाल्या, "बघ गं." मला नव्हे. इरा तर तिथे नव्हतीच.

आर्थर्स पासला गाडी थांबली, पाय मोकळे करायला उतरलो. थंडी शस्त्रासारखी. श्व. फलाटाच्या टोकाशी, बाह्यांत हात ओढून, शिखराकडे पाहत. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि प्रारंभ केला:

"आई, आपल्या येथील वास्तव्याच्या मुदतवाढीसंदर्भात आमच्याकडून कोणत्याही प्रकारची..."
"नीट बोला, श्रीधरराव."
"राहा ना."

एवढेच निघाले. आवाज माझा वाटला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग गार्डने हाक दिली.
"हे असं फलाटावर विचारतात होय? चला आत. गाडी सुटेल."

बसलो. सुटली. लांब बोगदा, काचेत आम्हीच. पलीकडे दाट ओले रान, पाऊस. इरा पुऱ्या खाते आहे, कॅफेवाल्या बाईलाही दोन पोचल्या.

आत्ता श्व. यांनी हात पुढे केला. "तुमचा फोन द्या जरा. नंदूला लावते."
दिला. लागला नाही. पुन्हा लावला.
इरा: "नो कव्हरेज हिअर, आजी. नॉट टिल ग्रेमाउथ."
"असू दे," म्हणाल्या. फोन परत दिलेला नाही. मांडीवर धरून बसल्या आहेत, खिडकीकडे तोंड करून. नंदूला काय सांगायचे आहे ते काचेकडे पाहतच म्हणाल्या: "पडदे काढून ठेव म्हणावं, एवढ्यात येत नाही."