अल्बमला उशीर होण्याची कारणे

गुरुग्राम,
कोजागिरीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप ताईस,

विष्णूचा कागदावरूनच वाकून नमस्कार (खरोखर वाकायचं तर आधी गुडघ्याची परवानगी काढावी लागते). तुझी शुगर, भावोजींची कंबर आणि पानिपतची हवा अशी तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडची हवा तू टीव्हीवर बघतेसच. आज बाल्कनीतून समोरचा टॉवर दिसला, म्हणजे बरी म्हणायची. वीणा मजेत आहे, म्हणजे माझ्यावर चिडलेली आहे.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. तर फोनवर मी ‘सॉफ्टवेअर’ एवढा शब्द काढला की तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि तू फोन ठेवतेस. रात्री जेवणं झाल्यावर केला तरी होते. कागदाला शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. (तू शाळेत मराठी शिकवलंस हे मान्य, पण हे पत्र तपासून परत पाठवू नकोस. मागच्याला दहापैकी साडेचार दिले होतेस, ते भावोजींनी सगळ्यांना सांगितलं.)

मुद्द्यावर येतो. त्या दिवशी तू स्पष्टच बजावलंस की आपली इशिता अंशुमनला हार घालतेय तो फोटो घेऊन येणार असशील तर भाऊबीजेला ये, नाहीतर येऊ नकोस, मी चंद्राला ओवाळीन. ताई, शोभतं का हे? सख्खा धाकटा भाऊ गुरुग्रामात धडधाकट असताना चंद्राला? आणि दिवाळीच्या धुरात आपल्या बाजूला चंद्र तरी दिसतो का? तू ताटातलं निरांजन घेऊन गच्चीवर खोकत उभी राहशील, झालं. तुझा राग समजतो. लग्न फाल्गुनात झालं, आता आश्विन सरत आला आणि अल्बमचा पत्ता नाही. पण उशिराला कारणं आहेत, आणि ती कुणी नीट ऐकूनच घेत नाही.

लग्नात मी पोतंभर फोटो काढले हे तुला माहीत आहे. (बाहेरचा फोटोग्राफर कशाला, मी आहे ना, असं मीच म्हणालो होतो. तेव्हा तू ‘बघ हं विष्णू’ म्हणालीस. तो सूर अजून कानात आहे.) आता एवढ्या फोटोंचं करायचं काय, तर त्यासाठी प्रोग्राम असतात, आणि त्यांच्या दोन जाती. एक नुसता लावणारा. तो फोटोंची वर्गवारी करतो, चेहरे ओळखून नावं लावतो, मागशील तो फोटो काढून देतो, पण फोटोला स्वतः बोट लावत नाही. दुसरा सजवणारा. उजेड वाढवतो, डाग पुसतो, नको ते काढून टाकतो, पण कुठला फोटो कुठे ठेवलाय ते त्याला विचारायचं नाही. पहिल्याला मी कारकून म्हणतो आणि दुसऱ्याला पार्लर. दोन्ही कामं करतो असं सांगणारा एक तिसराही आहे, तो मी लावून पाहिला तर कॉम्प्युटर बंदच पडला.

आधी कारकून घ्यावा की पार्लर, यावरून आमच्या सोसायटीच्या कॅमेरा ग्रुपमध्ये उभी फूट पडली आहे. बाराव्या मजल्यावरचा केतन सांगतो, ‘अंकल, पहले ऑर्गनाइज़ करो, वरना डूब जाओगे.’ अनुराग म्हणून एक आहे, त्याचं म्हणणं बिल्कुल उलटं, आधी एडिट करा, शोधणं काय आयुष्यभर चालूच असतं. दोघं लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात आणि मी मध्ये. त्यात हे प्रोग्राम महिनाभर फुकट वापरायला मिळतात. बटणं कुठे आहेत हे कळेपर्यंत महिना संपतो, मग मी दुसरा घेतो. असे फाल्गुनापासून महिने गेले, ताई. मी झोपा काढत नव्हतो.

कारकुनाची गंमत ऐक. आपण हौसेने साऱ्या पुरुषमंडळींना एकाच रंगाचे फेटे बांधले ना, तिथेच घोळ झाला. दर मिनिटाला तो मला दोन फेटेवाले दाखवून विचारी, हे एकच का? मी चिवडा खात होतो, एका हाताने ‘हो’ ‘हो’ दाबत गेलो. परिणामी भावोजी आणि लग्न लावणारे गुरुजी यांचा एकच इसम झाला आहे. आता भावोजींचं नाव टाकलं की स्वतःच्या मुलीच्या मंगलाष्टका स्वतःच म्हणताना दिसतात, आणि पुढच्याच फोटोत स्वतःकडूनच दक्षिणा घेतात. (हे त्यांना सांगू नकोस. किंवा शुगर नॉर्मल आली त्या दिवशी सांग.) मुंडावळ्यांमुळे नवरानवरीचंही तेच झालं. इशिता आणि अंशुमन एकच व्यक्ती आहेत असं कारकुनाचं ठाम मत पडलं. वीणा म्हणाली, लग्न म्हणजे वेगळं काय असतं. ती असं काहीतरी बोलते आणि पोळ्या लाटायला निघून जाते.

वैतागून पार्लरकडे गेलो. त्याला म्हटलं, फोटो स्वच्छ कर. त्याने पहिल्या फटक्यात तुझी नथ पुसली. डाग वाटला म्हणे! मग हवेत उडालेल्या अक्षता त्याला धूळ वाटल्या, त्या त्याने एकूण एक वेचून काढल्या. आता फोटोत आपले सगळे नातेवाईक हात उगारून नवरानवरीकडे बघताहेत आणि हातात काहीही नाही. जंतरमंतरवरचा मोर्चा वाटतो, पुढे भावोजींच्या आत्याबाई. त्यानंतर ‘अनावश्यक वस्तू काढा’ असं एक बटण दिसलं, ते दाबलं, तर पठ्ठ्याने अंतरपाटच काढून टाकला! दोन्ही बाजूंचे दोघं हवेत चिमटी धरून उभे आहेत, वाळत घातलेली चादर उडून गेल्यासारखे, आणि इशिता-अंशुमन मुहूर्ताच्या आधीच एकमेकांकडे टकामका बघताहेत. हा फोटो मी कुणाला दाखवलेला नाही. आपल्या गुरुजींनी पाहिला तर लग्न पुन्हा लावायला सांगतील.

आता तू म्हणशील, हे सगळं ठीक आहे, पण हार घालतानाचा फोटो कुठे? तिकडेच येतोय, घाई करू नकोस.

तो फोटो आहे. एक सोडून अनेक आहेत. अंशुमनचा चेहरा त्यात काय सुरेख आलाय म्हणतेस! प्रश्न फक्त इशिताच्या बाजूचा आहे. ताई, मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी कोण उभं राहतं? मामा. आणि मामा कोण? मी. आणि कॅमेरा कुणाकडे? तोही माझ्याकडेच. बरं, त्या वेळी कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा म्हणजे घरचं कार्य परक्याच्या हाती सोपवण्यासारखं, म्हणून मी तो तसाच धरून तिच्या पाठीशी उभा राहिलो. अंतरपाट सरकला, वाजंत्री वाजली, तिने हार उचलला, मी बटण दाबत राहिलो. आता प्रत्येक फोटोत मध्यभागी इशिताचा अंबाडा आहे. मोगऱ्याची वेणी इतकी स्पष्ट आहे की कळ्या मोजून घे. अंबाड्याच्या दोन्ही अंगांनी अंशुमन थोडा थोडा दिसतो. केतनच्या मते ही कलात्मक मांडणी आहे.

म्हणून तर पार्लरला हुकूम दिला की मुलीला वळव. त्याने वळवली! इतकी देखणी मुलगी वळली की मी चष्मा पुसला. पण ती इशिता नाही, ताई. कोण आहे देव जाणे, आणि अंशुमन मात्र तिच्याकडूनच खुशीत हार घालून घेतोय. हा फोटो इशिताच्या हाती लागला तर जावयाची धडगत नाही, म्हणून ताबडतोब खोडून टाकला.

शिवाय हे सगळे फोटो हललेले आहेत, जरा धुरकटही आहेत. आधीचे लख्ख, नंतरचे लख्ख, नेमके तेवढेच गढूळ. कॅमेरा दुकानात नेला, तो दुकानदार म्हणाला, ‘लेन्स में कुछ नहीं है, सरजी.’ म्हणजे होमाचा धूर, दुसरं काय! तिथे खिडक्याही बंद होत्या. धूर काढणारा एक प्रोग्राम आहे म्हणतात, त्याचा महिना परवाच सुरू केलाय.

तेव्हा विनंती एवढीच की भाऊबीज फोटोवर अडवू नकोस. मी येतो, अंशुमनचे फोटो आणतो, आणि तुझ्या आवडीची सोनपापडी आणत नाही, कारण शुगर. लहानपणी पहाडगंजच्या त्या दोन खोल्यांत मी पाटावर बसायच्या आधीच लाडू उचलायचो आणि तू ओवाळता ओवाळता हातावर चापट मारायचीस. अजून एकही वर्ष चुकलेलं नाही. हे चुकलं तर मला करमणार नाही, स्पष्टच लिहितो.

भावोजींना नमस्कार, इशिता-अंशुमनला अनेक आशीर्वाद.

तुझा (फोटो असो नसो) भाऊ,
विष्णू

ता.क. : हॉलच्या दारातच मी माइकवरून सांगितलं होतं की मंगलाष्टकांच्या वेळी कुणीही फोन बाहेर काढू नये, माझ्या फोटोंत मध्ये हात येतात. आपली माणसं किती शिस्तीची, एकानेही काढला नाही. तेव्हा दुसऱ्या कुणाकडे फोटो असेल या आशेने फोन करत बसू नकोस.

दुसरा ता.क. : एकाने काढला होता. अंशुमनचे फरीदाबादचे मामा, राजीवराव. ते अंशुमनच्या पाठीशी, म्हणजे बरोब्बर इशितासमोर उभे होते. मी अंतरपाटाच्या वरून त्यांना म्हटलं, फोन आत ठेवा. ते म्हणाले, तुम्ही मामा आहात की फोटोग्राफर? त्यावर मी जे बोललो ते तुझ्या कानांपर्यंत आलंच असेल. त्यांनी फोन ठेवला नसावा असा माझा दाट संशय आहे. तू विहीणबाईंकडून त्यांचा नंबर घेऊन सहज म्हणून विचारशील का? माझं नाव मात्र काढू नकोस. खरं तर सगळं पत्र यासाठीच लिहिलंय.

ती. ताईंना वीणाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून हे चार शब्द. राजीवरावांच्या मिसेसना आज मीच फोन केला. त्यांच्याकडेही तीच बोंब आहे. राजीवरावांच्या सगळ्या फोटोंत इशिता, आणि त्यांच्या भाच्याचा नुसता फेटा, तोही मागून. अंशुमनचा फोटो मागायला यांना फोन करावा की नको, यात त्यांचा उन्हाळा गेला. मी अंशुमन पाठवला, त्यांनी इशिता पाठवली. खालच्या मार्केटमधून प्रिंट काढून आणला, तो सोबत आहे. इशिता किती गोड हसतेय बघा. मग तिच्या मागे बघा. हे उभे आहेत. एका डोळ्याला कॅमेरा आहे, आणि दुसऱ्यातून आलेलं पाणी पार मिशीपर्यंत पोचलंय. होम तर त्यानंतर कितीतरी वेळाने पेटला, ताई. फोटो मी यांना दाखवलेला नाही. भाऊबीजेला तुम्हीच दाखवा, पण आधी ओवाळा.